आळशी म्हणू नका त्याला

गेल्या रविवारी ठाण्याला भाचीकडे गेले होते. दार उघडलं तिच्या सहा वर्षांच्या लेकीनं. डाव्या डोळ्यावर चिकटपट्टी, वर चष्मा. पट्टीवर तिनं स्केचपेननं मांजर काढलं होतं. "लेझी आय निघालाय," भाची म्हणाली, तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझ्या ताईचा आवाज आला, "अगं, उजवा डोळा आळशी आहे तिचा. कामचुकार! आता डाव्याला कोंडलाय, म्हणजे करेल झक मारत काम."

पोरीनं हे ऐकलं आणि हळूच उजव्या डोळ्याला हात लावून पाहिला.

ताईशी भांडायचं वय आता राहिलेलं नाही, त्यामुळे मी गप्प बसले. पण हाच शब्द पन्नास वर्षांपूर्वी याच ताईनं, गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत उभं राहून, माझ्या उजव्या डोळ्यासाठी वापरला होता. आणि मधली तीसेक वर्षं मी त्या शब्दाशी भांडण्यात घालवली. पगार घेऊन.

1975 साल. मी नऊ वर्षांची. शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले होते. भिंतीवर तक्ता, एक डोळा हातानं झाकायचा आणि अक्षरं वाचायची. उजवा झाकून मी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचलं. डावा झाकला आणि वरचं एक मोठं अक्षर सांगून थांबले. पुढे सगळी खिचडी. काळं दिसत होतं, अक्षरं आहेत हेही कळत होतं, पण कुठलं कुठे संपतं ते कळेना. डॉक्टरांना वाटलं पोरगी चावटपणा करतेय. त्यांनी खालच्या एका ओळीवर दोन्ही तळहात ठेवले आणि मधलं एकच अक्षर उघडं ठेवलं. मी म्हटलं, "म". ते म्हणाले, "बघ, येतंय की! आळशी आहे नुसता." आणि कार्डावर काहीतरी लिहिलं.

हा प्रसंग मी पुढे शेकडो विद्यार्थ्यांना सांगितला आहे, कारण माझ्या सगळ्या संशोधनाचा विषय त्या दोन तळहातांच्या मधे उभा होता. त्या डॉक्टरांच्याही तो डोळ्यांसमोर होता. रांगेत दोनशे मुलं उभी असताना त्यांना तरी कसा दिसणार?

झालं होतं ते असं. उजव्या डोळ्याचा नंबर चांगलाच प्लस आणि डोळा किंचित आत वळलेला, इतका किंचित की आईलाही कधी जाणवलं नाही. डावा ठणठणीत. त्यामुळे माझं कुठे अडलंच नाही. कॅच सुटायचे, चहा ओतताना पहिली धार बशीत जायची, पण वेंधळ्या मुली सगळ्याच चाळींत असतात. मग चष्मा आला आणि डाव्यावर पट्टी आली. तेव्हा दिवसभर लावायला सांगायचे. शाळेत माझं नाव 'कावळा' पडलं. कावळ्याला एकच बुबुळ असतं आणि तो ते लागेल तसं या खोबणीतून त्या खोबणीत फिरवतो, ही समजूत आपल्याकडे जुनी. संस्कृतात तिच्यावरून एक न्यायच आहे. चौथीतल्या मुलांना तो न्याय माहीत नव्हता, पण ते न्यायाच्या बाहेरही नव्हते.

आमचे अण्णा छापखान्यात जुळारी होते, म्हणजे एकेका अक्षराचा खिळा लावून मजकूर जुळवणारे. लग्नपत्रिका, हँडबिलं, नाटकाच्या जाहिराती, वर्गणीची पावतीपुस्तकं, असलं जॉबचं काम. उलटा मजकूर ते सुलट्यापेक्षा जलद वाचायचे. पट्टी लावून मी धडा वाचायला बसले की ते समोर बसून बघत राहायचे. एकदा आईला म्हणाले, "ही अक्षर वाचते, ओळ वाचत नाही." मी बोटानं पुढचं अक्षर झाकत झाकत वाचत होते, हे माझ्याही लक्षात आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छापखान्यातून प्रुफाचा एक लांबट कागद आणला. आमच्या पुस्तकातल्या कवितेच्या चार ओळी, पण प्रत्येक अक्षराच्या मधे स्पेस टाकलेली. हे किती मोठं होतं ते जुळाऱ्याच्या घरातल्यांनाच कळेल. देवनागरीत खिळ्याला खिळा भिडला तरच शिरोरेषा सलग उमटते; शिरोरेषा तुटलेला शब्द म्हणजे दात पडलेलं तोंड, असं अण्णा म्हणायचे आणि हाताखालच्या पोरांना त्यावरून फैलावर घ्यायचे. माझ्यासाठी त्यांनी कवितेचे सगळे दात पाडले होते. मी उजव्या डोळ्यानं ती वाचली. रखडत, पण एकही अक्षर न झाकता.

तो कागद पुढे कुठे गेला कळलं नाही. महिन्याभरात नाहीसा झाला.

दीड वर्षानं पट्टी सुटली. उजव्याची नजर बरीच सुधारली, पूर्ण नाही. मी ते विसरूनही गेले. फिजिक्स घेतलं, एमएस्सीला कालिना गाठलं, प्रकाशशास्त्र आवडलं, आणि पीएचडीसाठी ज्या सरांकडे गेले ते नुकतेच लेन्सांवरून डोळ्यांवर घसरले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हा चौघांना लाल-हिरवे चष्मे दिले आणि पडद्यावर ठिपक्यांचा एक चौकोन दाखवला. नुसते विखुरलेले ठिपके, टीव्हीवर मुंग्या येतात तसे. ही कल्पना बेला युलेश यांची. हंगेरीतून अमेरिकेत गेलेले इंजिनिअर, बेल लॅबमध्ये होते. 1960 साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं, दोन्हींत तेच ठिपके, फक्त मधला एक चौकोनी तुकडा एका चित्रात जरासा बाजूला सरकवलेला. एकेका डोळ्याला गोंधळाशिवाय काहीच दिसत नाही. दोन्ही चित्रं मेंदूत एकत्र आली की मात्र तो तुकडा पडद्यापुढे तरंगतो.

तिघं म्हणाले, "आला, वर आला!" मीही म्हटलं, "हो, दिसला." सरांनी पुढचं चित्र लावलं. पुन्हा सगळे बोलले, मीही बोलले. तिसऱ्याला तिघं गप्प. मी एकटी म्हणाले, "दिसला." तिसऱ्या चित्रात काही सरकवलेलंच नव्हतं.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "दोन गोष्टी शिकलीस. बघणाऱ्याच्या शब्दावर कधी विसंबायचं नाही, आणि तुला दोन डोळ्यांची खोली, म्हणजे काय पुढे आणि काय मागे, ते दिसत नाही. कधीपासून?" पुढे मी जेवढे प्रयोग रचले, त्या प्रत्येकात मधूनमधून असं एक रिकामं चित्र ठेवलं. मुंबईची मुलं भिडस्त असतात. मॅडमना बरं वाटावं म्हणून हो म्हणतात.

मग सरांनी ह्यूबेल आणि वीझल यांचे लेख वाचायला दिले. 1960च्या दशकातलं काम. 1981 साली त्यांना नोबेल मिळालं. मांजराच्या पिल्लाचे डोळे उघडायच्या सुमारास त्यांनी एका डोळ्याच्या पापण्या शिवून टाकल्या आणि दोन-तीन महिन्यांनी उघडल्या. डोळा धडधाकट होता. पण मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं काम चालतं, तिथल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दादच देत नव्हत्या. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असं काही होत नव्हतं. आणि ज्यानं मी त्या रात्री झोपले नाही ती गोष्ट पुढची: दोन्ही डोळे बंद ठेवले तर नुकसान दुप्पट व्हायला हवं ना? तसं झालं नाही. उलट, पुष्कळ पेशी दोन्ही डोळ्यांना दाद देत होत्या. म्हणजे डोळा नुसता न वापरल्यानं गेला नव्हता. दुसऱ्या डोळ्यानं त्याची जागा घेतली होती.

मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. डब्यात बाकं मोजकी. एक प्रवासी सुरुवातीलाच चढला, रुमाल टाकून त्यानं सगळं बाक अडवलं. दुसरा दोन स्टेशनं उशिरा आला, तो दारात लटकतोय. त्याला आळशी कोण म्हणेल? पट्टी लावायची म्हणजे बसलेल्याला थोडा वेळ उठवायचं. ताई कोंडला म्हणते, ते अगदीच चूक नाही; पण ज्याला कोंडलाय त्याच्यामुळे जागा होणार आहे, दुसऱ्याला शिक्षा होणार नाही.

इथपर्यंत खोलीचं कोडं सुटलं. पण खिचडीचं काय? एकटा 'म' दिसतो आणि ओळीतला दिसत नाही, हे जागेच्या हिशेबात नीट बसेना. त्याचं उत्तर लायब्ररीत, 'नेचर'च्या बांधलेल्या जुन्या अंकांत मिळालं. हेर्मन बाउमा या डच संशोधकाचा 1970 सालचा लेख. जेमतेम दोन पानं. आयुष्यात इतका मोठा परिणाम माझ्यावर दुसऱ्या कुठल्या दोन पानांनी केला असेल तर ती फक्त भाडेपावती.

बाउमा निरोगी डोळ्यांबद्दलच बोलत होते. घरी करून पाहा. कागदावर डावीकडे फुली मारा, तिच्यापासून चार बोटं उजवीकडे चांगला नखाएवढा 'म' काढा. खाली दुसरी फुली, तितक्याच अंतरावर 'समर' असा शब्द, मधलं अक्षर वरच्या 'म'च्या बरोबर खाली. कागद हातभर अंतरावर धरा आणि नजर फुलीवरून हलवू नका. वरचा 'म' सहज ओळखता येतो. खालचा तेवढाच मोठा, तेवढ्याच अंतरावर, आणि तरी शेजाऱ्यांत विरघळतो. बाउमांचा नियम असा: नजरेच्या केंद्रापासून अक्षर जितकं दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरं अक्षर आलं की ते गोंधळ घालतं. अक्षर मोठं करून फारसा उपयोग नाही. अंतर हवं.

या प्रकाराला इंग्रजीत क्राउडिंग म्हणतात. गर्दी! मी लायब्ररीत मोठ्यानं हसले होते. चर्चगेटहून सव्वासहाची गाडी पकडणाऱ्या बाईला गर्दीचा शास्त्रीय अभ्यास करायला सांगत होते. निरोगी डोळ्यांत केंद्राजवळ ही गर्दी नगण्य असते, म्हणून आपण वाचू शकतो. माझ्यासारख्या, विशेषतः थोड्या वळलेल्या डोळ्यात ती केंद्रातही घुसते. स्टुअर्ट आणि बुरियन यांनी 1962 सालीच अशा डोळ्यांची मोजमापं घेऊन त्याला एक साधं नाव दिलं होतं, वेगळं करण्यातली अडचण. ते वाचताना मला शाळेतल्या डॉक्टरांचे दोन तळहात दिसले. आणि अण्णांच्या स्पेस. माझा डोळा काम टाळत नव्हता, त्याला दाटीत माणूस ओळखू येत नव्हता.

अण्णा तेव्हा होते. मी त्यांना ते दोन पानांचं गणित समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे स्पेस लागते. मग मी काय केलं होतं?"

पुढची कारकीर्द भराभर सांगते, कारण ती बाहेरून फार कंटाळवाणी आहे. अंधारी खोली, हनुवटी टेकवायचं स्टँड, समोर मॉनिटर. पडद्यावर 200 मिलिसेकंद अक्षरं चमकतात, बघणारा एक बटण दाबतो. असं हजारो वेळा. जुने काचेचे मॉनिटर आम्हाला लागायचे, कारण चित्र नेमक्या क्षणी यावं-जावं ही शिस्त तेव्हाच्या सपाट पडद्यांत नव्हती. नेमकी तेव्हाच सगळी ऑफिसं ते भंगारात काढत होती. लॅमिंग्टन रोडवरून मी दोन 21 इंची धूड उचलले. हमालानं डोक्यावर घेऊन विचारलं, "बाई, सगळे हे विकतायत, तुम्ही घेताय कशाला?" अनुदान समितीसमोर मला याहून चांगला प्रश्न कुणी विचारला नाही.

आणि सब्जेक्ट, म्हणजे प्रयोगाला बसणारे, झोपायचे. अंधार, एसी, शांतता. पहाटे साडेचारला उठून कसाऱ्याहून आलेल्या मुलीनं दुसरं काय करावं? आलेखात एका जागी उत्तरं अचानक कोसळायची. मी आत डोकावले की पोर हनुवटी स्टँडवर ठेवून गाढ झोपलेली. शेवटी सत्र वीस मिनिटांचं केलं, मधे चहा. शोधनिबंधात 'विश्रांती' असं लिहिलं.

मला देवनागरीवर काम करायचं होतं. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी असतात. आपली एका दांडीला लटकतात, डोक्यावर मात्रा, पायाशी उकार, म्हणजे शेजारी चारी बाजूंनी. गर्दी अभ्यासायला याहून चांगली वस्ती कुठे मिळणार? एका समितीनं विचारलं, "देवनागरीच का? इंग्रजी अक्षरांवर करा, जगाला उपयोग होईल." दोनदा नाकारलं. तिसऱ्यांदा मी शीर्षकातून 'देवनागरी' काढून 'सलग जोडलेल्या लिपी' असं घातलं. आतला मजकूर तोच. मंजूर झालं. समितीचे डोळे निरोगी होते, पण शीर्षकापासून जरा दूर गेलं की तिथेही गर्दी होत असावी.

आमच्या मोजमापांतून जग हादरलं नाही. हादरले मी, आणि तेही दुसऱ्यांच्या प्रयोगानं. 1996 साली शेंग हे, कव्हाना आणि इंट्रिलिगेटर या तिघांनी 'नेचर'मध्ये एक फार हुशार गोष्ट दाखवली. तिरक्या रेघांचा ठिपका बराच वेळ पाहत राहिलं की नंतर तशाच तिरप्या फिकट रेघा दिसायला जड जातात. मेंदूच्या पहिल्या टप्प्यातल्या पेशी थकतात असं समजा. त्यांनी हा ठिपका गर्दीत ठेवला, इतक्या दाटीत की बघणाऱ्याला रेघा कुठल्या बाजूला कललेल्या आहेत हे सांगता येईना. आणि तरी नंतरचा तो परिणाम जसाच्या तसा उमटला. म्हणजे माहिती आत पोचली होती. मेंदूनं ती घेतलीही होती. फक्त बघणाऱ्याच्या हाती लागत नव्हती.

तेव्हापासून माझ्या उजव्या डोळ्याबद्दल मला वेगळंच वाटतं. खिचडी दिसत होती तेव्हाही तो डाळ आणि तांदूळ निवडून आत पाठवत होता. वाढणारा भलताच होता. (माझ्या त्या डोळ्याचा आलेख मीच काढून ठेवला आहे: एकट्या अक्षराला जेवढा आकार पुरतो, ओळीतल्याला त्याच्या जवळपास दुप्पट लागतो. आमच्या प्रयोगांत तो मी कधी धरला नाही. घरचा सब्जेक्ट.)

भाचीनं मला विचारलं ते प्रत्येक आई विचारते: उशीर तर झाला नाही ना? सहा वर्षं म्हणजे नाही. पूर्वी आठ-नऊनंतर हात टेकायचे. 2005 साली अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 507 मुलांवर झालेल्या चाचणीत 12 वर्षांपर्यंतच्या, चष्म्याबरोबर पट्टी आणि औषधाचे थेंब दिलेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांची नजर तक्त्यावर दोन ओळींनी तरी सुधारली. नुसत्या चष्म्यावर चौथा हिस्सा. मध्यम दोषाला रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच पुरते, हेही 2003 साली दिसलं होतं. मला दिवसभर कावळा केला त्याची भरपाई कुणाकडे मागू? अर्थात किती तास, हे तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मावशीनं नाही.

मोठ्यांचं काय? 2013 साली कॅनडात प्रौढांना टेट्रिस खेळायला दिलं, विटा दोन डोळ्यांत वाटून, चांगल्या डोळ्यातल्या फिकट करून, म्हणजे दोघांना एकत्र काम केल्याशिवाय खेळताच येऊ नये. त्यांची नजर सुधारली, काहींना खोलीही दिसू लागली. नंतर मुलांना असाच खेळ टॅबवर दिला तेव्हा मात्र तो पट्टीला हरवू शकला नाही, हेही सांगायला हवं. गाडी सुटल्यावर खिडकी मिळत नाही. पण चौथी सीट मिळू शकते. अर्धं बूड टेकवायला. मुंबईत तीही कमी नसते. मी स्वतः महिनाभर लॅबमध्ये रात्री बसून ते टेट्रिस खेळले. युलेश यांचा चौकोन आजतागायत वर आलेला नाही. चहा मात्र मी किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवूनच ओतते, त्यामुळे बशी कोरडी असते.

तर रविवारी, चहा झाल्यावर, मी पोरीकडून वही मागितली आणि तिच्या पुस्तकातल्या कवितेच्या चार ओळी मोठ्या अक्षरांत, लांब लांब लिहिल्या. शिरोरेषा तोडून. तिनं मांजराची पट्टी तशीच ठेवून वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ अडखळत, दुसरी जरा बरी. तिसऱ्या ओळीला तिनं विचारलं, "आजी, तू अशी फाटकी का लिहिलीस?"

ताईनं वही तिच्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि हात लांब करून बघत राहिली.

"अण्णांनी असंच काहीतरी छापून आणलं होतं ना गं तुला?" ती म्हणाली. "त्याची मागची बाजू कोरी होती. मी त्यावर धोब्याचा हिशेब लिहिला होता."